चार ब आणि एक किसन्या

किसन्या,

तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल एवढं चांगलं बोलायला लागलेत की पहिले दोन दिवस मला वाटलं, दुसराच कोणीतरी किसन गेला. शांत होता म्हणे. कधी कोणाला वाकडं बोलला नाही म्हणे. मी म्हटलं, मग मला रोज सकाळी 'उठलं का गाढव' म्हणून हाक मारायचा तो कोण होता?

राहुल परवा घरी आला. म्हणाला, काका, पप्पांच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढतोय, तुम्हीपण दोन शब्द लिहा. आता मला लिहायला सांगायचं म्हणजे माशाला जिना चढायला सांगण्यासारखं आहे, पण पोराचं तोंड बघून हो म्हटलं. तुझं गाव कुठलं, नोकरी कुठे केलीस, ते सगळं तो लिहिणार आहे. मी आपला तुझ्याशीच बोलतो. वेलांट्या चुकल्या तर सांभाळून घे. नाहीतरी आता तुला काम काय आहे.

गेलास पण काय रीतसर गेलास. दुपारचं जेवलास, ताट उचलून मोरीत ठेवलंस, सुलावैनीला म्हणालास जरा पडतो, आणि पडलास तो पडलास. मी असतो तर ताट तरी तसंच टाकून गेलो असतो. पण तू फिटर माणूस. सगळं जागच्या जागी.

मला सारखी आठवतात ती आपण दोघं घरी बसलो होतो ती वर्षं. ऐंशी-पंच्याऐंशीच्या मागेपुढे. आपल्या कंपनीला टाळं लागलं, आज उघडेल उद्या उघडेल करत आपण रोज गेटवर जाऊन यायचो, आणि शेवटी जायचं बंद केलं. सुलावैनी सांताक्रूझला इस्पितळात आया होत्या, माझी शालन अंधेरीला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. दोघी सकाळी डबा घेऊन घाटकोपरचा डोंगर उतरायच्या आणि वर चाळीत राहायचो आपण दोघे मिशीवाले. तुझा राहुल आणि माझी मीनी, दोघंही चार वर्षांची. नळावरच्या बायका म्हणायच्या, बघा, आमच्या चाळीत दोन नवीन आया आल्यात, फक्त दाढी करत नाहीत.

तू ते कामही फिटरसारखंच केलंस. मीनीच्या वेण्या घालायचं माझ्याकडे आलं तेव्हा मी घातल्या त्या बघून शालन म्हणाली, "अहो, पोरीचे केस आहेत ते, नारळाचो सुंभ नाय." दुसऱ्या दिवशी तू मीनीला ओट्यावर बसवलंस, एक डोळा मिटून भांग पाडलास, आणि असा सरळ पाडलास की त्याच्यावरून भिंत बांधली असती. दोन्ही वेण्या एका मापाच्या. त्या दिवसापासून मीनी सकाळी उठली की कंगवा घेऊन तुझ्या दारात. बाप म्हणून माझं पहिलं खातं असं माझ्या हातून गेलं.

मग मी म्हटलं, आपण पोरांचं डोकं बाहेरून नाही तर आतून सांभाळू. त्यांनी काही विचारलं की उत्तर द्यायचं काम माझं. मीनीने विचारलं, बाबा, लाइट जाते ती कुठे जाते? मी म्हटलं, भांडुपला जेवायला जाते. राहुल म्हणाला, काय जेवते? मी म्हटलं, आज सोमवार ना, भेंडीची भाजी. तू आतून ऐकत होतास. बाहेर आलास आणि पोरांना घेऊन खांबापर्यंत गेलास, तारा दाखवल्यास, फ्यूज म्हणजे काय ते सांगितलंस. परत आल्यावर मला म्हणालास, "भिक्या, पोरांना थापा मारायच्या नाहीत. एकदा थाप कळली की मग बापाचं खरंही खोटं वाटतं." मी म्हटलं, लेका, माझ्याकडे थापांशिवाय दुसरं काही असतं तर मी दिलं नसतं का?

तेव्हा आपण हसलो. पण ते खरं होतं, आणि ते तुला तेव्हा माहीत नव्हतं.

मी शाळेत गेलो होतो, पण शाळा माझ्यात आली नाही. दुसरीपर्यंत गेलो, तेही पावसात गुरुजी यायचे नाहीत आणि उन्हात मी. मग गुरांमागे गेलो, मग मुंबईला. कंपनीत सही मारायचो ती म्हणजे चित्र होतं, एक वळवळीत गांडूळ आणि त्याच्यावर काठी. बसचा बोर्ड आला की मी शेजारच्याला विचारायचो, दादा, चष्मा घरी राहिला, कुठली आहे ओ? चष्मा मला पुढे वीस वर्षांनी लागला. शालनला माहीत होतं. चाळीत कोणाला नव्हतं. आणि मीनीला तर कळताच कामा नये, एवढंच माझ्या मनात होतं. ती सगळ्यांना सांगत फिरायची, माझ्या बाबाला सगळं येतं.

पोरं पाचाची व्हायला आली तेव्हा तू स्टेशनजवळच्या त्या मराठी शाळेचं डोक्यात घेतलंस. तिथे पहिलीला घेताना पोरांना दोन-चार अक्षरं विचारायचे. एकदा आत शिरलं की दहावीपर्यंत बघायला नको. तुझ्या घरात तुझ्या आधी कोणी नववीपर्यंतही गेलं नव्हतं. चौदा एप्रिलच्या जयंतीला चाळीत भाषणं व्हायची तेव्हा तू मागे उभा राहून राहुलला खांद्यावर घ्यायचास, सगळं ऐकायला लावायचास. ती शाळा तुला हवीच होती, आणि दोघांनाही एकाच वर्गात. तू स्टेशनच्या बाजारातून तो चित्रांचा तक्ता आणलास, माझ्या खोलीत खिळा ठोकून लावलास. आणि नेमकं त्याच आठवड्यात तुला मुलुंडच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं.

जाताना म्हणालास, "रोज एक ओळ घे. दोन महिन्यांत होतंय."

मी म्हटलं, एकच ओळ? दोन घेतो.

आता सांग, दुसरं मी काय म्हणणार होतो?

पोरांना समोर बसवलं. हातात लाटणं घेतलं. तक्त्यावर अक्षरं होती ती माझ्यासाठी मुंग्या, पण चित्रं तर होती. म्हटलं सोपं आहे, चित्राचं नाव घ्यायचं, पहिला आवाज काढायचा, झालं अक्षर. पहिलंच चित्र, काट्याकाट्याचं फळ, हिरवं-पिवळं. कोकणातला माणूस त्याला काय म्हणणार? फणस. पोरं ओरडली, फ फणसाचा. ते अननस होतं हे मला कोण सांगणार. ईडलिंबाचा झाला पेरू. उखळाला आमच्याकडे वायन म्हणतात, म्हणून उ चा झाला व. ऐरणीचं चित्र बघून मी बराच वेळ विचार केला आणि स्टूल म्हटलं. यज्ञ होता तिथे मी होळी पेटवली. आणि शिंगवाला एडका, तो तर सरळसरळ बोकड. ब बोकडाचा.

पुढे बदक आलं. ब बदकाचा. मीनी म्हणाली, बाबा, ब तर झाला. मी म्हटलं, तो मोठा ब, हा मधला. मग बाण आला. ण बाणाचा असतो, त्याच्यात आवाज शेवटचा धरायचा असतो, हे ज्याने ठरवलं त्याला मला एकदा भेटायचंय. मी म्हटलं, हा ब अणकुचीदार आहे, तिसरा. आणि शेवटी ळ बाळाचा. चौथा ब. मीनी म्हणाली, हा लहान आहे म्हणून पाळण्यात आहे ना? मी म्हटलं, बरोबर, हुशार माझी बाय.

काय झकास चाललं होतं रे. दोन महिन्यांत पोरं तक्ता घडाघडा म्हणायला लागली. खालून वर, वरून खाली. शालन घरी यायची ती थकूनच, तिने ऐकलं ते स्टोव्हच्या आवाजात ऐकलं. मी चाळीत सांगत सुटलो, आपली शिकवायची पद्धतच वेगळी आहे.

शाळेत जायला दहाएक दिवस होते. तुझी सुट्टी होती, संध्याकाळी तू पाटी घेऊन आलास. मी चहा टाकत होतो. तू पाटीवर ए हे अक्षर काढलंस आणि राहुलला विचारलंस. राहुल म्हणाला, ब.

तू म्हणालास, कशाचा?

"बोकडाचा."

मीनीने खुलासा केला, काका, हा मोठा ब. अजून तीन आहेत.

मी चहाकडे बघत राहिलो. चहात एवढं बघण्यासारखं काही नव्हतं. तू उठलास, तक्त्यासमोर गेलास आणि एकेका चित्रावर बोट ठेवत विचारत गेलास. पोरं सांगत गेली. फणस, पेरू, वायन, स्टूल. तुझं बोट हळूहळू मंद झालं. मग तू वळून माझ्याकडे बघितलंस. तुझ्या पोराची शाळा मी घालवली होती, ते एक. आणि मीनी तिथेच बसून होती, दात काढत, बाबाचं कौतुक ऐकायला. तू एक वाक्य बोलायची खोटी, ती मोठी झाली असती.

तू तक्ता खिळ्यावरून काढलास, उजेडाकडे धरलास, आणि एकदम तावातावाने म्हणालास, "छापणाऱ्यानं घोळ घातलाय लेकाच्यानं. चित्र एक आन् अक्षर दुसरंच. भिकाजीकाका बरोबर सांगतोय."

मीनी म्हणाली, मला माहीतच होतं.

मग तू घरून सुलावैनीची इस्पितळातली पांढरी चिकटपट्टी आणलीस. तिचे तुकडे कापलेस, एकेका अक्षरावर चिकटवलेस आणि त्याच्यावर पेनाने दुसरं अक्षर लिहिलंस. बोकडाखाली ब. पेरूखाली प. फणसाखाली फ. माझं चित्र तसंच ठेवलंस, अक्षर बदललंस. सगळा तक्ता अपघात होऊन आल्यासारखा दिसायला लागला. पोरं पट्ट्या धरून बसली. मी चहा दिला, त्यात साखर दोनदा पडली होती, तू तोही प्यायलास.

जाताना दाराशी, पोरांना ऐकू जाणार नाही असं, एवढंच म्हणालास, "चित्रं तुझी. अक्षरं माझ्याकडं सोड."

बस. पुढे कधी तो विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. मला आयुष्यभर थापाड्या म्हणालास आणि चाळीतली सगळ्यात मोठी थाप तू मारलीस, हे तुला तोंडावर सांगायचं राहूनच गेलं. आज सांगतो. मार खायची भीती नाही म्हणून.

पण घोळ संपला नव्हता. माझ्या चित्रांनी स्वरांची वाट लावली होती. आ आईचा आणि ऊ उसाचा, एवढे दोन वाचले, बाकी सगळे माझ्या हातून मेलेले. तू वर्कशॉपमधून आलास की रोज डोकं खाजवायचास. मग एका संध्याकाळी म्हणालास, स्वर म्हणजे चित्र नाहीच, माणसाच्या तोंडातून आपोआप निघतं ते. पोरांना आणि पाटी घेऊन बाहेर ओट्यावर बसलास, निघेल तो स्वर पाटीवर काढायचा. कोणी कोणाला हाक मारतं ती ऐका. ए. समोरचा काय म्हणतो? ओ. गटाराकडे बघा. ई. पायावर कोणी पाय दिला? ऐ. चाळीत एवढे स्वर आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

फक्त औ वर आपलं अडलं. तू म्हणालास औ औषधाचा. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, आपोआप निघायला पाहिजे. आणि औ आपोआप निघतो तो फक्त नाक्यावरच्या कुत्र्याच्या तोंडून. तू म्हणालास, पोरांनी शाळेत जाऊन कुत्र्याचं नाव घ्यायचं? मी म्हटलं, बोकडाचं चालतं मग कुत्र्याने काय घोडं मारलंय. हा वाद आपण पोरं कॉलेजात जाईपर्यंत केला. माझं म्हणणं अजून तेच आहे.

मग तो शाळेचा दिवस. तू इस्त्रीचा शर्ट घातला होतास, माझ्या शर्टाला शालनने जाताजाता दोन बटणं लावली होती. आत एकेकालाच घेत होते. आधी मीनी आणि मी. राहुल तुझं बोट धरून बाहेर व्हरांड्यात, रडायच्या बेतात. तो लाजाळू, परक्यासमोर तोंडच उघडायचा नाही, आणि तुझ्या चेहऱ्यावर ते सगळं लिहिलेलं होतं. तेवढं मलाही वाचता आलं.

बाईंच्या टेबलावर अगदी तसाच तक्ता. पण बिनपट्ट्यांचा. बाईंनी शिंगवाल्यावर बोट ठेवलं, हे काय? मीनी म्हणाली, बोकड. बाई म्हणाल्या, बरं, आणि खाली हे अक्षर कुठलं?

मीनीने ते नीट बघितलं. मग दाराकडे वळली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळी शाळा दणाणली असं ओरडली, "एऽऽ राहुल."

आणि बाहेरून, कधी कोणासमोर तोंड न उघडणारा तो राहुल, सवयीने, तेवढ्याच जोरात, "ओऽऽ."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या हसत होत्या ते मला आधी रडतायत असं वाटलं. म्हणाल्या, बाहेरच्याचीही झाली वाटतं परीक्षा, त्याला पण बोलवा आत. तू आत आलास तो घामाने भिजलेला. बाईंनी मीनीला विचारलं, घरी कोण शिकवतं तुला? मीनीने माझ्याकडे बोट केलं. बाबा. तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तू मान डोलावलीस, हो हो, हाच.

बाईंनी मला विचारलं, तुमचं शिक्षण किती झालंय?

मी म्हटलं, "चालू आहे."

तू एवढ्या जोरात खोकलास की शिपाई पाणी घेऊन आला.

दोघांनाही घेतलं. शाळेचा जिना उतरताना तू दोघांना दोन खांद्यांवर बसवलंस आणि मला म्हणालास, गाढवा, तू चालत ये.

त्याच्यानंतरचं मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलोय, तुलाही शंभरदा सांगितलं. मीनी शाळेतून आली की पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर बसायची आणि विचारायची, बाबा, हे काय? मला येत नसायचं, मी चित्रावरून ठोकून द्यायचो. ती म्हणायची, हां, म्हणजे घ-र. बोट फिरवून हळू म्हणायची, दोन-दोनदा. रोज. पहिलीचं पुस्तक, मग दुसरीचं. असं तिला शिकवता शिकवता मलाच यायला लागलं. एक दिवस बसचा बोर्ड मी स्वतः वाचला आणि आनंदाच्या भरात चुकीच्या बसमध्ये चढलो. सगळ्यांना छाती काढून सांगायचो, मला कोणी शिकवलं नाही, पोरीला शिकवता शिकवता आपल्या हिमतीवर शिकलो. तू ऐकायचास. म्हणायचास, व्हय, तुझी हिंमत दांडगी.

परवा तुझा जलदानाचा विधी होता, तुला शेवटचा निरोप. हॉल भरला होता रे. एकेक जण उठून बोलत होता. मग मीनी उठली. केस पिकायला लागलेत तिचे, चष्मा लागलाय. मला वाटलं वेण्यांचं सांगेल. ती म्हणाली, किसनकाकाने मला आयुष्यातलं पहिलं काम दिलं. शाळा सुरू झाली त्या दिवशी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बाबाकडे जायचं आणि विचारायचं, हे काय? तो चुकला तर हसायचं नाही, चुकलास म्हणायचं नाही. बरोबर काय ते हळू म्हणायचं, दोनदा. आणि कोणाला सांगायचं नाही, बाबालाही नाही. मी विचारलं, कधीपर्यंत? काका म्हणाला, बाबा स्वतः बसचा बोर्ड वाचेपर्यंत.

सगळा हॉल माझ्याकडे वळला. सुलावैनी तोंडाला पदर लावून हसत होत्या, त्यांनाही माहीत होतं. म्हणजे ती मला विचारायची ते तिला येत नव्हतं म्हणून नाही. मला येत नव्हतं म्हणून. पाच वर्षांची पोर. तिला कळलं होतं, आणि तरीही नळावर जाऊन सांगायची, माझ्या बाबाला सगळं येतं.

मी आधी हसलो. मग काय झालं ते नको विचारू. राहुलने पाणी आणून दिलं.

निघताना गर्दी होती. मीनी माझा हात धरून पायऱ्यांशी थांबली. दाराजवळ पाटी होती, काळ्यावर पांढरी अक्षरं. चष्मा तिच्या डोक्यावर होता, चांगला दिसत होता मला. तरी डोळे बारीक करून म्हणाली, "बाबा, काय लिहिलंय हो ते?"

मी तिच्याकडे बघितलं. ती पाटीकडेच बघत राहिली. मग मी वाचलं. मोठ्याने, बोट फिरवून, जोडाक्षरांसकट. जाताना... कृपया... स्वतःच्याच... चपला... घालाव्यात.

मग दोघांनी खाली बघितलं. माझ्या पायात राहुलच्या होत्या.